फडकं मारायला फिजिक्स कशाला?

प्रश्न : मुलगी धुळ्याला टी. वाय. बी. एस्सी. फिजिक्सला आहे. आमच्या साक्री तालुक्यात नव्या सोलर प्रकल्पाच्या जागेवर ऊन मोजायची यंत्रं बसवली आहेत. रोज सकाळी काच पुसून वहीत नोंद करायची, असं वर्षभराचं काम तिला मिळतंय. फडकं मारायला शिकवलं का तिला? शिवाय उपग्रहावरून सगळं कळतं म्हणतात.
– एक पालक

उत्तर : नमस्कार भाऊ. शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प तुमच्याच तालुक्यातला, त्यामुळे हा धंदा तुम्हाला अगदी नवा नाही.

उपग्रहाला जमिनीवरचं ऊन दिसत नाही. त्याला वरून ढग दिसतात. खाली किती ऊन पोचलं असेल याचा हिशोब संगणकातलं मॉडेल मांडतं. हवेतल्या धुळीचा तर बराचसा अंदाजच. म्हणून वीसेक वर्षांचा हा हिशोब आणि जागेवरचं वर्षभराचं मोजमाप शेजारी ठेवतात, मॉडेल कधी जास्त सांगतं, कधी कमी ते काढतात आणि तेवढी दुरुस्ती मागच्या सगळ्या वर्षांना लावतात. वीज किती होईल हे त्यावरून ठरतं, आणि बँक कर्ज देताना तेच बघते.

आता फडकं. पायरॅनोमीटर म्हणजे तेच ऊन मोजायचं यंत्र. त्याच्या काचेच्या घुमटावर धूळ बसली की ते ऊन कमी दाखवतं. ते खरं धरलं तर धड असलेलं मॉडेलही दुरुस्तीच्या नावाखाली बिघडतं. मिनिटामिनिटाच्या आलेखात पुसणंसुद्धा दिसतं : हात आडवा आला की रेघ खाली, मग आधीपेक्षा किंचित वर. वहीत ‘घुमट पुसला, ९.४०’ असेल तर ऑफिसात बसलेल्याला ती उडी कळते. ‘सकाळी पुसला’ एवढंच असेल तर तो डोकं खाजवत बसतो. (रात्री आकडा शून्याच्या दोन-चार वॅट खाली जातो. यंत्र बिघडलेलं नसतं. का जातो, ते लेकीला विचारा. तिच्याच अभ्यासातलं आहे.)

मात्र नुसत्या पुसण्यात करिअर नाही. वर्ष सरलं की काम संपेल. करिअर आहे ते त्या दुरुस्तीत, आणि ती तिनं याच वर्षात शिकावी. नासाच्या ‘पॉवर’ संकेतस्थळावर साक्रीचे तासातासाचे आकडे फुकट मिळतात. ते आणि जागेवरचे आकडे पायथॉन या संगणकाच्या भाषेत आलेखावर एकावर एक काढायचे, निरभ्र दिवस वेगळे, ढगाळ वेगळे. पहिल्यांदा आलेख साडेपाच तास सरकलेला दिसला तर वेळ ग्रीनिचची आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

पुढे पुणे विद्यापीठात वातावरण विज्ञानाची एम. एस्सी. आहे. सोलर कंपन्या, त्यांचे सल्लागार, दर पंधरा मिनिटांच्या विजेचा अंदाज देणाऱ्या संस्था, सगळ्यांना हे जमणारी माणसं लागतात. सरकारी नोकरीच हवी असेल तर ही वाट लांबची आहे.

हो म्हणण्याआधी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या : आकडे अभ्यासाला वापरायची परवानगी आणि वर्षअखेरीस अनुभवाचा दाखला. परवानगी देत नसतील, तर मग तुमचं म्हणणं बरोबर. ते फडकंच.