एकाच खडकावर दोन सुरय

प्रश्न : माझे मामा वेंगुर्ल्याला मासेमारी करतात. ते म्हणतात, पावसाच्या तोंडावर समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर दोन तऱ्हेचे सुरय (समुद्रपक्षी) अंडी घालतात. एक उघड्यावर, एकमेकांना खेटून. दुसरा दगडाखाली लपून. एकाच खडकावर असं का? आणि त्या गर्दीत आपलं अंडं कसं ओळखतात?
– एक विद्यार्थिनी, कुडाळ

उत्तर : मामांची नजर पक्की आहे, त्यांना माझा नमस्कार सांग. उघड्यावरचा तो पिवळ्या चोचीचा मोठा शेंडीवाला सुरय. दोघांचंही अंडं एकच, पण ते राखायच्या तऱ्हा निराळ्या. शेंडीवाल्याची सगळी मदार जमावावर. शेजाऱ्याची चोच पोहोचणार नाही एवढंच अंतर ठेवून बसायचं आणि कावळा-घार आली की सगळ्यांनी मिळून अंगावर जायचं. काळपट पाठीचा दुसरा सुरय कपारीत शिरतो. एकाला हवी ती जागा दुसऱ्याला नकोच, मग भांडण कशाला? जेवणही वेगळं: शेंडीवाला किनाऱ्याच्या बाजूला मासे धरतो, काळपट पाठीचा पार खोल समुद्रात जातो. लांबून घास आणायचा म्हणून त्याचं पिल्लू सावकाश वाढतं. उडायला सुमारे दोन महिने घेतं.

शेंडीवाल्याची दोन अंडी सारखी सापडणं कठीण. कुठलं पांढरं, कुठलं गुलाबीसर, त्यावर काळे-तपकिरी डाग नि शाई सांडल्यासारख्या रेघोट्या. ही नक्षीच आई-बापांची खूण, असं मानलं जातं. पिल्लं थोड्याच दिवसांत घोळक्यात मिसळतात. मग काम आवाजावर. मासा घेऊन आलेला पक्षी ओरडतो, त्याचं पिल्लू नेमकं पुढे येतं आणि बाकीच्यांना तो दाद देत नाही.

तुझ्या प्रश्नात नाही, पण सांगतो. भर उन्हात हे पक्षी अंडं उबवण्यापेक्षा थंड ठेवायला धडपडतात. पोटाची पिसं समुद्रात भिजवून येतात, अंड्यावर सावली धरतात. अशा वेळी कुणी फोटोसाठी खडकावर उतरलं, की सगळा थवा उठतो आणि अंडी उघडी तापत पडतात. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, ते यांच्या पथ्यावरच पडतं.

तिथल्या गुहेतल्या पाकोळ्यांबद्दल पुढच्या अंकात. तोवर मामांबरोबर जायचंच झालं तर होडी लांबच उभी करायला सांग. दुर्बीण नसली तर माझी घेऊन जा.