आधी बाबांचे कागद, मग स्कॉलरशिपचा फॉर्म

चि. मुली,

तुझा मेसेज वाचला. बारावीनंतर माजी सैनिकांच्या मुलांची पीएम स्कॉलरशिप मिळेल का आणि फॉर्म कुठे भरायचा, एवढंच विचारलंयस. ते सांगतोच, पण त्याआधी एक काम देतो, आणि ते तूच करायचंस, कारण तुमच्या घरात कागद नीट वाचणारी आणि मोबाईलवर कामं उरकणारी तूच आहेस.

बाबांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आईचं आधार शेजारी शेजारी ठेव. आईचं नाव आणि जन्मतारीख तिन्हीकडे जुळतंय का ते अक्षर न् अक्षर बघ. आपल्याकडे काय होतं की लग्नात मुलीचं नाव बदलतात, सासरी एक नाव, माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कुठे सुमन तर कुठे सुमनबाई, आणि जन्मतारीख तर गुरुजींनी सरसकट १ जून टाकलेली. बाबा पलटणीत असताना कुणीतरी घाईत जे लिहून घेतलं तेच रेकॉर्डला बसलं आणि नंतर आधार काढताना आईने वेगळंच सांगितलं. आज याचा कुणाला त्रास नाही म्हणून कुणी बघत नाही. त्रास होतो तो माणूस गेल्यावर, आणि तो सगळा त्या बाईला होतो.

निफाडकडच्या एक ताई माझ्याकडे यायच्या. नवरा अचानक गेला, पेन्शन थांबली, आणि यांचं नाव रेकॉर्डला वेगळं असल्यामुळे फॅमिली पेन्शन काही सुरू होईना. त्या एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिल्या, प्रत्येक ठिकाणी नवीन कागद मागायचे, घरात दोन मुलं शिकणारी, भावाकडून उसने पैसे घेऊन दिवस काढले. नवरा असताना एक अर्ज गेला असता तर यातलं काही झालं नसतं. मला याचा खरंच राग येतो, कारण ज्या माणसाने १७-१८ वर्षं बर्फात नि वाळवंटात काढली त्याच्या बायकोला 'तुम्ही त्यांच्याच पत्नी कशावरून' असं ऐकावं लागतं.

म्हणून फरक दिसला तर बाबांना आत्ताच अर्ज करायला लाव. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला (तोपखान्याच्या लोकांचं इथेच नाशिकरोड कॅम्पला आहे, त्यांना सोपं पडतं). बेळगावला धावायची गरज नाही, आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पाठवता येतात. अॅफिडेव्हिट लागेल, नाव पूर्ण वेगळं असेल तर कदाचित गॅझेटही मागतील. मग रेकॉर्डकडून नोंद बदलल्याची पार्ट टू ऑर्डर निघते, त्यावरून पीपीओत दुरुस्ती होते, आणि ती दुरुस्ती स्पर्शवर (पेन्शनच्या सरकारी वेबसाइटवर) दिसेपर्यंत काम झालं असं समजू नको. तुझं आणि भावंडांचं नाव पण त्यात आहे का बघ, धाकटीचा जन्म बाबांच्या शेवटच्या पोस्टिंगच्या वेळचा, तिची नोंद राहून गेलेली असू शकते. आईबाबांचं बँक खातं जॉइंट आहे का तेही विचार.

हे विचारताना बाबा चिडतील. 'मी मरायची वाट बघताय का' असं जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. तू वाद घालू नको, स्कॉलरशिपला लागतंय म्हण, आणि ते खोटंही नाही, कारण तिथेही हेच कागद लागतात.

आईला पुढे काय मिळू शकतं ते तुला माहीत असावं म्हणून सांगतो. रिटायर झालेला सैनिक गेला तर पत्नीला सुरुवातीला शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत फॅमिली पेन्शन मिळते, ती सात वर्षं किंवा तो जिवंत असता तर ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. त्यानंतर ३० टक्के. कमीत कमी ९००० रुपये, वर महागाई भत्ता. माणूस ड्युटीमुळे गेला असेल किंवा लढाईत गेला असेल तर नियम वेगळे आणि रक्कम बरीच जास्त. मुलांना २५ वर्षांपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत किंवा लग्नापर्यंत हक्क असतो, पण तो आईच्या नंतर.

आता स्पर्श. पेन्शन आता बँक ठरवत नाही, प्रयागराजच्या ऑफिसमधून स्पर्शवरून थेट खात्यात येते. त्याचा लॉगिन आणि पासवर्ड एका वहीत लिहून आईला माहीत असेल अशा जागी ठेव. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरमध्ये असतो, तो चुकला तर पेन्शन थांबते. सिन्नरला कुठल्याही सीएससी सेंटरवर अंगठा लावून होतो, फोनवर चेहरा दाखवूनही होतो. आणि हे अगदी ठासून सांगतो, हयातीच्या दाखल्यासाठी कुणाचा फोन आला आणि ओटीपी मागितला किंवा लिंक पाठवली तर सरळ फोन ठेवायचा. कुठलंही ऑफिस ओटीपी विचारत नाही. चांगल्या चांगल्या सुभेदार साहेबांची आयुष्यभराची पुंजी अशी गेलेली मी बघितलीय. वन रँक वन पेन्शनची दुरुस्ती १ जुलै २०२४ पासून झालीय, बाबांच्या स्पर्शवर सुधारित आकडा आलाय का तेही त्याच लॉगिनमधून बघून घे.

बरं, तुझी स्कॉलरशिप. पंतप्रधान शिष्यवृत्ती मुलींना महिन्याला ३००० आणि मुलांना २५००. बारावीला किमान ६० टक्के हवेत आणि प्रोफेशनल कोर्सच्या पहिल्या वर्षाला अॅडमिशन हवी, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, अॅग्री, बीसीए वगैरे. साधं बीए, बीएस्सी यात बसत नाही. देशभरातून वर्षाला ५५०० जणांनाच मिळते, निम्म्या मुली निम्मी मुलं, आणि शहीद, अपंगत्व आलेले, शौर्यपदक मिळालेले यांच्या मुलांना आधी प्राधान्य असतं, तेव्हा मिळेलच असं धरून फीचं गणित मांडू नको, पण अर्ज सोडू पण नको. फॉर्म केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाइटवर ऑनलाइन, स्कॅन ओरिजिनलचे कलर करायचे, झेरॉक्सचे नाही. मिळाली तर दरवर्षी ५० टक्के राखावे लागतात.

आणि समजा तू बीएस्सीच घेतलंस, तर रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधी आहे. हवालदार आणि त्याखालच्या रँकच्या दोन मुलांना पहिलीपासून ग्रॅज्युएशनपर्यंत शिक्षणाची मदत मिळते, आधी महिन्याला १००० होती, १ नोव्हेंबर २०२५ नंतरच्या अर्जांना २००० झालीय. बाबा हवालदार होते, म्हणजे तुम्ही बसता. धाकट्या दोघांसाठी हा अर्ज इतकी वर्षं का केला नाही हे मी बाबांना विचारलं होतं, म्हणाले 'आपल्याला काय कमी आहे, ज्याला गरज आहे त्याला मिळू दे.' मला त्यांच्या मनाचा आदर आहे पण हे मत मला पटत नाही. ही भीक नाही आणि उपकार तर अजिबात नाही. पेन्शन आणि द्राक्षाचा भाव यावर तीन मुलांचं शिक्षण ओढणाऱ्या माणसासाठीच हा निधी केलाय.

धाकटी दहावीला आहे ना? तिच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेव, नाशिकमध्ये मुलींसाठी सरकारची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था आहे, दहावीनंतर प्रवेश, एनडीएची तयारी करून घेतात. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, तेव्हा आता हे स्वप्न कागदावरचं राहिलेलं नाही. आणि तू स्वतः ग्रॅज्युएट झाल्यावर लष्करात अधिकारी होण्यासाठीची सीडीएस परीक्षा द्यायचा विचार केलास तर नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, सैनिक कल्याण विभागच चालवतो.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड चौघांचं झालंय, तुझं नाही, असं आईने सांगितलं. ते लगेच कर. लग्न होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत तुझा हक्क आहे, भावाचा २५ वर्षांपर्यंत. नेहमीच्या आजाराला आधी देवळालीच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथून रेफरल घेऊन पॅनेलवरच्या हॉस्पिटलला. इमर्जन्सीत रेफरलसाठी थांबायचं नाही, थेट पॅनेलवरचं हॉस्पिटल गाठायचं. पॅनेलवर नसलेल्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, नाहीतर बिल अडकतं. सिन्नर आणि नाशिकमधली पॅनेलवरची नावं लिहून फ्रीजवर चिकटव, घाबरलेल्या वेळी माणसाला काही आठवत नाही.

घरपट्टी एका घरावर माफ होते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीत द्या. बाबांना नोकरी करायची असेल तर राज्याच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, मेस्कोत (माजी सैनिकांच्या राज्य महामंडळात) पण नाव नोंदवता येतं. पण त्यांचा जीव बागेत आहे, त्यांना ओढू नका.

एक शेवटचं, आणि हे मेसेजमध्ये तू सहज एका ओळीत लिहिलंस पण मी तिथेच अडकलो. बाबा रात्री झोपत नाहीत, अंगणात फेऱ्या मारतात, बोललं की चिडतात. रिटायर झाल्यावर पहिली काही वर्षं बऱ्याच जणांचं असं होतं, पलटण सुटते, सकाळची शिट्टी सुटते, सोबतचे पोरं सुटतात, आणि गावात कुणाला ते कळत नाही. त्यांना सल्ला देऊ नका, पण एकटं पण सोडू नका. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना झोपेबद्दल स्पष्ट सांगता येतं. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आधी तूच फोन करून विचार की वडिलांशी कसं बोलायचं, त्यांनी करावा असा आग्रह नको. रविवारी मी बाबांना फोन करतो, कागदाचं निमित्त काढून नाशिकरोडला बोलावतो, त्यांच्याच पलटणीचे दोघंतिघं इथे आहेत, बसतील गप्पा मारत.

त्या दिवशी तू पण ये. डिस्चार्ज बुक ओरिजिनल आण, पीपीओ, आईचा शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला असेल तर तो, तिघा भावंडांचे जन्मदाखले, आणि सगळ्यांचे पासपोर्ट साइज फोटो. आईला पण घेऊन ये, सह्या तिच्याच लागणार आहेत.

तुझा काका
नाशिकरोड