आयईएलटीएस रीडिंग : साडेसहावर अडलेल्या एका परिचारिकेस पत्र

प्रिय मुली,

तुझा मेसेज मिळाला. ड्यूटी सांभाळून रोज एक पूर्ण पेपर सोडवायचा आणि तरीही गुण २६-२७च्या पुढे सरकू नयेत, याचा वैताग येणारच. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रीडिंगला ७ बँड (९पैकी श्रेणी) लागतो. लेखनात साडेसहा चालतो, इथे चालत नाही. अ‍ॅकॅडमिक रीडिंगमध्ये ४०पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर आली की ७ बँड मिळतो, म्हणजे तू तीन-चार उत्तरांनी मागे आहेस. ती आणखी पेपर सोडवून येणार नाहीत. थर्मामीटर दहा वेळा लावला म्हणून ताप उतरत नाही, तसंच पेपरचं आहे. कुठे काय बिघडलंय ते शोधायला वेगळं बसावं लागतं, आणि आजवर तू त्याला वेळच दिलेला नाहीस.

म्हणून पुढचे तीन आठवडे पूर्ण पेपर बंद. एका दिवशी एकच उतारा घ्यायचा. नाइट ड्यूटीहून आल्यावर तोही नको. झोपेत केलेल्या सरावातून झोपेच्याच चुका दिसतात, खऱ्या चुका दिसत नाहीत.

उतारा केंब्रिजच्या अधिकृत सराव पुस्तकातला किंवा ही परीक्षा चालवणाऱ्या आयडीपी, ब्रिटिश कौन्सिल या संस्थांच्या संकेतस्थळावरच्या मोफत नमुन्यातला घे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘या महिन्यात येणारे उतारे’ डिलीट कर. त्यांतल्या उत्तरसूचीत चुका असतात. चुकीच्या सूचीशी उत्तरं ताडत बसलीस, तर बरोबर विचार केलेलाही चुकला असं वाटू लागेल.

आता बसायचं कसं ते सांगते. घड्याळात २० मिनिटं लाव आणि पेन्सिलने उतारा सोडव. वेळ संपली की पेन्सिल ठेव, लाल पेन घे आणि त्याच प्रश्नांवर वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा बस. जे उत्तर बदलावंसं वाटेल ते लाल पेनाने शेजारी लिही. उत्तरसूची अजून उघडायची नाही. आधी प्रत्येक उत्तरासमोर ते कोणत्या परिच्छेदातल्या कोणत्या ओळीवरून काढलं ते लिही आणि त्या ओळीतले नेमके शब्द अधोरेखित कर. ओळ दाखवता आली नाही, तर ते उत्तर बरोबर निघालं तरी अंदाजच समजायचं. याला दीड तास लागेल. कंटाळवाणं आहे, पण तुझी तीन-चार उत्तरं इथेच दडलेली आहेत.

मग सूची उघड आणि दोन आकडे लिही, एक पेन्सिलचा आणि एक लाल पेनाचा. १३पैकी पेन्सिलचे ८ आणि लाल पेनाचे १२ आले, तर तुला कळतंय, फक्त वेग कमी पडतोय. दोन्हीकडे ८-९ आले, तर वेगाच्या मागे लागून काही उपयोग नाही, समजण्यातच कुठेतरी गाठ आहे. क्लासमध्ये सगळ्यांना एकच उपाय सांगतात, ‘उतारा वाचूच नका, कीवर्ड शोधा’. पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्याला त्याचा थोडा फायदा होतो, दुसऱ्याचं मात्र नुकसानच होतं.

चुकांसाठी एक वेगळी वही कर. प्रश्न क्रमांक, माझं उत्तर, बरोबर उत्तर, पुराव्याची ओळ आणि शेवटी कारण. कारण एकाच शब्दात लिही: शब्द, रचना, जागा, तर्क किंवा सूचना. ‘शब्द’ म्हणजे एखाद्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता. ‘रचना’ म्हणजे शब्द सगळे ओळखीचे होते, पण वाक्याची जुळणी चुकीची लागली. ‘जागा’ म्हणजे भलत्याच परिच्छेदात शोधत बसलीस. ‘तर्क’ म्हणजे मजकुरात नसलेलं आपल्या मनाने भरलंस. ‘सूचना’ म्हणजे दोन शब्द मागितले होते आणि तीन लिहिलेस. ‘दुर्लक्ष झालं’ हे कारण वहीत चालणार नाही. दुर्लक्ष नेमकं कशाकडे झालं ते लिहायचं. पाच-सहा उतारे झाले की शेवटचा रकाना मोज, एखादं कारण ठळकपणे पुढे आलेलं दिसेल.

माझा अंदाज आहे की तुझ्या वहीत ‘तर्क’ सगळ्यात जास्त येईल, तोही ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनच्या प्रश्नांत, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्याप्रमाणे बरोबर, चूक, की उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही, हे ठरवायच्या प्रश्नांत. आरोग्यावरचा उतारा आला की परिचारिकेला तो घरचा वाटतो, आणि तिथेच पाय घसरतो. उदाहरण घेऊ. उतारा इंग्रजीत असेल, मी आशय मराठीत देते:

‘नोव्हेंबर १८५४मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्या हिवाळ्यात तिथले मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. जखमांपेक्षा रोगांनीच जास्त सैनिक दगावत होते. मार्च १८५५मध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग तिथे पोचला. त्याने गटारं साफ करून घेतली, वॉर्डांत हवा खेळती केली, आणि त्यानंतर मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं.’

पहिलं विधान: ‘नाइटिंगेल येताच रुग्णालयातले मृत्यू घटले.’ नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून त्यांची थोरवी ऐकलेली असते, त्यामुळे हात ट्रूकडे जातो. उत्तर फॉल्स, कारण मृत्यू वाढले असं दुसऱ्या वाक्यात स्पष्ट लिहिलं आहे. दुसरं विधान: ‘आयोग नाइटिंगेल यांच्या विनंतीवरून पाठवण्यात आला.’ आयोग सरकारने पाठवला हे मजकुरात आहे, पण कोणाच्या सांगण्यावरून, याबद्दल एक अक्षर नाही. नॉट गिव्हन. तिसरं विधान: ‘नाइटिंगेल यांनी परिचारिकांना हात धुण्याची सक्ती केली.’ हेही नॉट गिव्हन. तुझं ज्ञान काय सांगतं हे इथे कोणी विचारलेलं नाही.

फॉल्स की नॉट गिव्हन अशी अडचण झाली की एक कसोटी लाव: मजकुरातलेच शब्द वापरून हे विधान दुरुस्त करता येतं का? पहिलं येतं, ‘घटले’च्या जागी ‘वाढले’ लिहिलं की झालं. दुसरं येत नाही, कारण ‘विनंतीवरून’च्या जागी काय लिहायचं ते मजकूर सांगतच नाही. दुरुस्त करता आलं तर फॉल्स, हातात काहीच आलं नाही तर नॉट गिव्हन. सोबत विधानातले ‘ओन्ली’, ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘ऑल्वेज’ हे शब्द पेन्सिलने गोल कर. पुष्कळदा बाकीचं सगळं विधान मजकुराशी जुळतं आणि तेवढा एक शब्दच ते खोटं ठरवतो. हे प्रश्न उताऱ्याच्या क्रमानेच येतात, म्हणून चौथ्याचं आणि सहाव्याचं उत्तर सापडलं असेल तर पाचव्याचं त्या दोघांच्या मध्येच शोध. तिथे काही नसेल तर बहुधा नॉट गिव्हनच. येस, नो, नॉट गिव्हन असेल तर कसोटी हीच, फक्त तिथे लेखकाचं मत तपासायचं असतं.

‘रचना’च्या चुका वेगळ्या. इंग्रजीत वाक्य लांबलं की क्रियापद हरवतं. ‘द नर्सेस ट्रेन्ड अ‍ॅट द स्कूल वेअर सेंट टू अदर हॉस्पिटल्स’ हे वाक्य घे. घाईत ‘ट्रेन्ड’ला मुख्य क्रियापद समजलं की ‘परिचारिकांनी शाळेत प्रशिक्षण दिलं’ असा भलताच अर्थ डोक्यात बसतो. मुख्य क्रियापद ‘वेअर सेंट’ (were sent, म्हणजे पाठवल्या गेल्या) आहे. ‘ट्रेन्ड अ‍ॅट द स्कूल’ हे नुसतं कोणत्या परिचारिका ते सांगतं. यासाठी रोज उताऱ्यातली सगळ्यांत लांब तीन वाक्यं निवड, मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा मार आणि त्याचा कर्ता शोध. बाकी सगळं कंसात टाक. पंधरा दिवसांत डोळा आपोआप क्रियापदाकडे जायला लागतो.

‘शब्द’ या कारणासाठी यादी पाठ करू नकोस. प्रश्नातला शब्द आणि उताऱ्यातला शब्द यांची जोडी लिही. प्रश्नात ‘इन्क्रीज्ड थ्री टाइम्स’ असेल तर उताऱ्यात ‘ट्रेबल्ड’ असतं. नावं, सालं आणि आकडे बहुतेक जसेच्या तसे येतात, त्यांच्यावरून जागा पटकन सापडते. बाकी सगळं बदललेलं असतं. म्हणून प्रश्नातलाच शब्द एखाद्या परिच्छेदात जसाच्या तसा दिसला तर आधी संशय घे, विशेषतः परिच्छेदांना शीर्षकं जुळवताना. त्या शब्दाचा परिच्छेदात एका ओळीपुरता उल्लेख असतो आणि परिच्छेदाचा मुद्दा दुसराच असतो. शीर्षकांची यादी वाचण्याआधी परिच्छेदाशेजारी तीन-चार मराठी शब्दांत त्याचा गाभा लिही आणि मग शीर्षक शोध.

शीर्षकांचा प्रश्न उताऱ्यात असेल तर तोच आधी सोडव, त्यात पूर्ण उताऱ्यावरून नजर फिरते. कोणत्या परिच्छेदात कोणती माहिती आहे हे विचारणारा प्रश्न शेवटी ठेव. तो क्रमाने येत नाही, आणि तोवर उतारा तुझ्या ओळखीचा झालेला असतो.

गाळलेल्या जागा भरताना शब्द उताऱ्यातून जसाच्या तसा उचलायचा. अनेकवचनाचा ‘एस’ राहिला की गुण गेला, स्पेलिंग चुकलं तरी गेला. जोडरेघेने जोडलेला शब्द एकच धरतात. ‘नो मोअर दॅन टू वर्ड्स अँड/ऑर अ नंबर’ म्हणजे जास्तीत जास्त दोन शब्द, आकडा असेल तर तो वेगळा. शोधायला जाण्यापूर्वी रिकाम्या जागी नाम हवं की विशेषण, एकवचन की अनेकवचन, हे ठरव. अर्धं शोधणं तिथेच वाचतं.

वेळेचं गणित आता. तीन उतारे मिळून २,१५० ते २,७५० शब्द, ४० प्रश्न, ६० मिनिटं. उत्तरपत्रिकेवर उतरवायला रीडिंगमध्ये वेगळा वेळ मिळत नाही, कागदावर परीक्षा असेल तर उत्तर सुचलं की थेट तिथेच लिहायचं. उतारे पुढे कठीण होत जातात, म्हणून २०-२०-२० ऐवजी १७, २० आणि २३ मिनिटं अशी वाटणी मला जास्त बरी वाटते. एका प्रश्नावर दीड मिनिटापेक्षा जास्त रेंगाळू नकोस. खूण कर, अंदाजाचं उत्तर लिहून टाक, पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडायची नाही.

तुझी परीक्षा संगणकावर असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून सरावही पडद्यावरच कर. डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरकवायच्या. कागदावर बोट ठेवून वाचायची सवय असलेल्यांची पडद्यावर ओळ हरवते. मजकूर माउसने निवडून रंगवता येतो, पण पुराव्याच्या ओळीच तेवढ्या रंगव. सगळं पान पिवळं झालं की शोधायला काही उरत नाही.

वेगासाठी एक वेगळी सवय लाव. द कॉन्व्हर्सेशन या संकेतस्थळावर अभ्यासकांनी लिहिलेले लेख फुकट वाचता येतात. आरोग्याचे सोडून दुसरे निवड. पुरातत्त्व, शहररचना, कीटक, भाषा, जे तुला नवं असेल ते. ९०० शब्दांचा लेख पाच मिनिटांत एकदा वाचायचा, मागे वळायचं नाही, अडलेला शब्द शोधायचा नाही, मनात मराठीत भाषांतरही करायचं नाही. मग मोबाइल उलटा ठेवून प्रत्येक परिच्छेदात काय होतं ते मोठ्याने सांगायचं. सुरुवातीला दोन परिच्छेद आठवतील, बाकीचे निसटतील. आठवड्याभरात फरक जाणवेल. ड्यूटीला जाताना बसमध्येही हे होतं.

तीन आठवडे झाले की सुट्टीच्या दिवशी सकाळी एक पूर्ण पेपर, ६० मिनिटं सलग, फोन दुसऱ्या खोलीत. त्यानंतर आठवड्याला एकच, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी वहीचं काम. लाल पेनाने सलग तीन पेपरांत ३५ आणि पेन्सिलने ३१-३२ येईपर्यंत परीक्षेची तारीख घेऊ नकोस. फी मोठी आहे, आणि परीक्षेच्या दिवशी सरावापेक्षा एक-दोन गुण कमी पडतात हे धरूनच चालायचं.

पहिल्या पाच उताऱ्यांची वहीची पानं फोटो काढून पाठव. कारणांच्या रकान्यात काय साठलंय ते बघून पुढचं ठरवू. ‘जागा’ जास्त निघाली तर शोधण्याचा वेगळा सराव देईन, तोवर ती काळजी नको. लेखनाच्या साडेसहाचं त्यानंतर बोलू.

तुझी,
ताई