जुन्या गाण्यांचा तास हाती घेणाऱ्या मुलीस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

आपल्या सामुदायिक रेडिओवरचा रविवारचा जुन्या गाण्यांचा तास तुझ्याकडे आला हे वाचून फार बरं वाटलं. पहिल्या भागासाठी तू काढलेली यादीही पाहिली. बारा गाणी, सगळी नावाजलेली, आणि बाराच्या बारा कुणाच्याही फोनवर लगेच सापडणारी. त्यातली दहा काढून टाक. आपल्या शंभर वॅटच्या ट्रान्समीटरचा आवाज उघड्या माळावर दहा-पंधरा किलोमीटर जातो, डोंगराआड त्याहूनही कमी. तेवढ्या टापूतली भजनी मंडळं, धनगरांचे गजी ढोल, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी दुसरं कुठलंही केंद्र लावणार नाही. सामुदायिक रेडिओच्या धोरणात निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत अशी अट आहे. ती कागदावर भागवता येते, पण तुझा तास तिच्यावरच उभा राहू दे.

ओव्यांपासून सुरू कर, कारण त्यांना वेळ कमी उरला आहे. गिरणी आली आणि दळण थांबलं, तसं ओवी म्हणायचं निमित्तच गेलं. ज्यांनी रोज पहाटे दळलं त्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना खुर्चीवर बसवून, समोर माईक धरून "आजी, ओव्या म्हणा" म्हटलंस तर चार ओळींनंतर त्या थांबतील आणि "आता नाही आठवत" म्हणतील. आठवण हातात असते. जातं मांडायला सांग, खाली पोतं अंथर, आणि मूठभर ज्वारी घेऊन जा. रिकामं जातं फिरवायला कधीच सांगू नकोस. दगडावर दगड घासून टाकी, म्हणजे दगडाला पाडलेला खरखरीतपणा, झिजते, आणि घरमालकिणीला ते मुळीच आवडणार नाही. वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घालून चार फेरे झाले, खुंट्यावर हात बसला, की ओवी आपोआप येते. पहिली ओळ, फेरा, दुसरी ओळ, मध्ये "बाई" म्हणून घेतलेला श्वास. समोर दुसरी बाई दळायला बसली तर आणखी चांगलं, कारण एकीची ओवी संपता संपता दुसरीला तिची सुचते.

आता ध्वनिमुद्रण. जात्याची घरघर जमिनीतून चालत येते, म्हणून माईकचा स्टँड घडी घातलेल्या गोधडीवर ठेव. माईक तोंडापासून साधारण दीड वीत, थोडा वरून आणि तिरका, पाठ जात्याकडे. दोघी असतील तर ज्या बाईचा आवाज बारीक तिच्याकडे तो झुकव. रेकॉर्डरवर ८० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचे घुमणारे आवाज गाळणारी सोय, लाव, पण घरघर पूर्ण काढायच्या नादी लागू नकोस. तोच त्या गाण्याचा ताल आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. मोनोमध्ये एका तासाला सुमारे ५२० मेगाबाइट लागतात, त्या हिशेबानं कार्ड घे. पातळी अशी ठेव की सगळ्यात मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. आज्या सुरुवातीला दबकून म्हणतात आणि दहा मिनिटांनी मोकळ्या होतात. पहिल्या ओवीवर पातळी लावलीस तर पुढच्या सगळ्या ओव्या फाटतील आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरनं शिवता येत नाही. सगळ्यांचे फोन विमान मोडवर, नुसते सायलेंटवर चालत नाहीत. त्यांची गुरगुर माईकच्या वायरीत शिरते. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, आणि निघताना ते पुन्हा चालू करायचं लक्षात ठेव. शेवटी कुणी न बोलता एक मिनिट त्या खोलीची शांतता मुद्रित कर. पुढे संकलनात दोन ओव्यांमधली फट बुजवायला तीच लागते.

विचारताना "हे गाणं किती जुनं?" असं विचारू नकोस. उत्तर "फार जुनं, आमच्या आजीपासूनचं" असंच येतं आणि त्यातून हाती काही लागत नाही. "कुणाकडून ऐकलं, कुठल्या गावात?" असं विचार. ओवी लग्न होऊन येणाऱ्या मुलीबरोबर गावोगाव फिरते. चाल माहेरची आणि शब्द सासरचे, असं सर्रास आढळतं. म्हणून नोंदीत गाव एक नको, दोन हवीत: माहेर आणि सासर. शिवाय नाव, अंदाजे वय, तारीख, दळताना कुठलं धान्य होतं आणि सोबत कोण होतं हेही लिही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या संग्रहाचं मोल संख्येत आहेच, पण ओवीशेजारी म्हणणारीचं नाव आणि गाव आहे म्हणून तो आजही वापरता येतो. नाव नसलेली ओवी दहा वर्षांनी कुणाचीच राहत नाही.

परवानगी तिथेच, रेकॉर्डर चालू असताना घे. "हे रेडिओवर लावू का? नाव सांगू का? आणखी कुणी मागितलं तर देऊ का?" हे तीन प्रश्न वेगवेगळे विचार, कारण पहिल्याला हो म्हणणारी बाई तिसऱ्याला नाही म्हणू शकते. ओवी परंपरेची असली तरी ती म्हणण्यावर म्हणणारीचा हक्क असतो. कायद्यानं कलाकाराचा हा हक्क पन्नास वर्षांचा आहे.

आता तबकड्या. कार्यक्रम सुरू झाला की कुणाच्या तरी माळ्यावरून त्या निघतीलच. जाड, जड आणि पडली की फुटणारी ती लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नकोस. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसलीस की खाचा गेल्याच. मऊ ब्रशनं कोरडी धूळ काढ, मग डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून खाचेच्या दिशेनं गोल पूस, मधला कागद कोरडा ठेव आणि उभी सुकव. वाजवताना एल.पी.ची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकडीची, सुई नको. ७८ ची खाच कितीतरी रुंद असते, एल.पी.ची बारीक सुई तिच्या तळाशी, म्हणजे बरोबर साचलेल्या धुळीत जाऊन बसते आणि खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही. ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई माग. भोंग्याच्या ग्रामोफोनवर तर मुद्रणासाठी वाजवूच नये. त्याची पोलादी सुई एका बाजूपुरतीच असायची आणि झिजलेली सुई खाच खरवडत जाते. वेगाचंही पाहा. जुन्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ वरच मुद्रित होत असत असं नाही. आवाज चिरका किंवा बसका वाटला तर वेग चुकला असण्याची शक्यता मोठी. मुद्रण ७८ वर कर, ती फाइल तशीच जपून ठेव आणि वेग प्रतीवर बदल. दोन्ही बाजूंच्या कागदाचा फोटो काढ. कागदाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात ठशानं उमटवलेला क्रमांक असतो, तोही उतरून घे. एकाच गाण्याची दोन वेगळी मुद्रणं त्यावरूनच ओळखता येतात.

कॅसेटींचं काम त्यामानानं सोपं. आधी मागच्या कडेची पुन्हा मुद्रण करू देणारी टिकली मोडून टाक, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरव. पण फिरवण्याआधी फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेव आणि मशीनमध्ये घालू नकोस, नाहीतर पुढच्या सगळ्यांना ती लागेल. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर मशीनमधल्या फीत वाचणाऱ्या हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी हलक्या हातानं फिरवत जा. टाळाचा आवाज सगळ्यात खणखणीत येईल तिथे थांब. आपल्या भागातल्या कितीतरी शाहिरांची, भीमगीतं गाणाऱ्यांची आणि भजनी बुवांची मुद्रणं फक्त कॅसेटवर आहेत. लोक त्यांना किरकोळ समजून भंगारात देतात. कार्यक्रमात दर आठवड्याला एकदा तरी सांग की कॅसेट फेकू नका, केंद्रावर आणून द्या.

इतिहास सांगताना ठाम तेवढंच बोल जेवढं पडताळलं आहेस. काही चुका वारंवार होतात, त्या आधीच सांगून ठेवते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणं मावत असे. रंगभूमीवर 'वन्समोअर' घेत बराच वेळ रंगणारं पद तबकडीवर आवळून म्हणावं लागे. म्हणून बालगंधर्वांची तबकडी लावून "नाटकात हे पद असंच म्हणत" असं सांगू नकोस. "तबकडीसाठी असं म्हटलं" एवढंच खरं आहे. दुसरी चूक गीतरामायणाची. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीनं ते दर आठवड्याला एक अशा ५६ गीतांत प्रसारित केलं, तेव्हा निरनिराळी गाणी निरनिराळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. सगळी गीतं सुधीर फडक्यांच्या आवाजात घराघरांत पोहोचली ती नंतर. नंतरचं मुद्रण लावून ते "मूळ प्रसारण" म्हणून सांगितलं जातं, ते तू करू नकोस. तिसरी पोवाड्याची. प्रत्येक जुना पोवाडा शिवकालीन नसतो. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा त्या काळातला, तर महात्मा फुल्यांचा शिवाजीराजांवरचा पोवाडा १८६९ सालचा. शाहिरानं "शिवकालीन" म्हटलं तर ते त्याच्या तोंडून जाऊ दे. तुझ्या निवेदनात मात्र रचणाऱ्याचं नाव विचारून घे.

पेटीवर एक स्वतंत्र भाग कर, त्यात खूप सांगण्यासारखं आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तिचे स्वर ठरलेल्या जागी बांधलेले, श्रुती (स्वरांमधले बारीक भेद) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तिच्यातून निघत नाही, असा आक्षेप होता. त्याच तीस वर्षांत आपल्या गावांतल्या देवळांत पेटीशिवाय एकही एकादशीचं भजन होत नव्हतं. म्हणजे त्या काळातल्या पेटीचा इतिहास रेडिओच्या भांडारात फारसा सापडायचा नाही, तो भजनी मंडळाच्या म्हाताऱ्या पेटीवाल्यापाशी आहे. कुठल्या पट्टीत वाजवत, पेटी कुठून आणली, भाता कोण दुरुस्त करी, हे त्याला विचार. मंडळ मुद्रित करताना माईक पेटीशेजारी ठेवू नकोस. भात्याचा खटखटाट आणि पेटीचा मोठा आवाज बुवांना गिळून टाकतो. टाळकरी मागे, पखवाज एका बाजूला, आणि माईक बुवांसमोर दोन हातांवर, एवढं पुरतं.

लावायच्या गाण्यांचे हक्क तपासल्याशिवाय यादी पक्की करू नकोस. मुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि शब्द-चालीवरचा हक्क रचणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षं. दोन्ही वेगळे मोज. 'स्वयंवर' नाटकाच्या पदांचे शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ मध्ये गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ मध्ये गेले. त्यामुळे त्या पदांची १९३० च्या दशकातली तबकडी लावायला अडचण नाही. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. त्यांच्या गाण्याचं मुद्रण कितीही जुनं असलं तरी परवाना आणि शुल्क लागेल. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे. तू मात्र तुझे भाग कायमचे ठेव, दोन हार्ड डिस्कवर, आणि दुसरी डिस्क केंद्राच्या इमारतीबाहेर.

आता लोकांच्या कामाचं. गाण्यांच्या मध्ये लसीकरण, पाण्याचं टँकर, परीक्षेचा अर्ज अशा सूचना येतील. स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्याला परवानगी नाही, पण हवामान, पाणी-वीज, परीक्षा, आरोग्य अशा स्थानिक सूचना देता येतात. त्यांच्याखाली संगीत लावू नकोस. आधी दोन सेकंद शांतता, मग ठिकाण, वार, वेळ, मग कारण, आणि शेवटी पुन्हा ठिकाण, वार, वेळ. एवढं पंचवीस सेकंदांत बसतं. चुलीपाशी बसून ऐकणारीच्या हातात पेन नसतं, म्हणून तीच गोष्ट दोनदा सांगायची.

आणि एक काम असं आहे जे तुझ्या कार्यक्रमातूनच होऊ शकतं. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य शासनाची मानधन योजना आहे. अर्जाबरोबर कलेचे पुरावे लागतात, आणि तिथेच आपले लोक अडकतात, कारण आयुष्यभर जत्रेत गायलेल्या माणसापाशी कागद नसतो. केंद्राच्या लेटरहेडवर प्रसारणाची तारीख, वेळ, कलाप्रकार आणि सही-शिक्का असलेलं पत्र प्रत्येक कलाकाराला दे. मागितल्यावर देऊ नकोस, भाग लागला की त्याच आठवड्यात दे. मंजुरी शासनाच्या समितीच्या हाती आहे, पण निदान फाइलीत एक कागद तरी राहील.

प्रसारणाची वेळ गाणाऱ्याला दोन दिवस आधी कळव, कारण तिची सगळी वाडी ऐकायला जमते. भाग लागल्यावर मुद्रणाची प्रत कार्डावर घालून घरी नेऊन दे. बहुतेक घरी ती नातवाच्या फोनमध्ये वाजते, त्यामुळे वेव्हबरोबर एमपीथ्रीही घाल.

पहिल्या भेटीला एकटी जाऊ नकोस, गावातल्या बचत गटाच्या ताईला बरोबर घे. आणि आठवणीनं अर्धा किलो ज्वारी ने. मूठभर म्हटलं होतं, पण ओव्या रंगल्या तर मूठभर पुरायची नाही.

कळावे,
तुझी शुभचिंतक