गॅस्ट्रोपब आणि बदनाम गुत्ता

प्रश्न : लंडनच्या सुट्टीत गॅस्ट्रोपबमध्ये, म्हणजे चांगलं जेवण देणाऱ्या पबमध्ये, जेवलो. फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "अरे देवा, गॅस्ट्रो झाला की काय?" याला मराठी शब्द काय? मित्र म्हणतो, 'सुधारलेला गुत्ता' म्हण.

उत्तर : गॅस्ट्रो म्हणजे ग्रीकमधलं पोट. आपल्याकडची गॅस्ट्रोची साथ आणि त्यांची गॅस्ट्रोनॉमी (खाण्याची कला) एकाच पोटची भावंडं, तेव्हा आईचं काही चुकलेलं नाही. शब्द आहे तसा वापरा. 'खाद्यमद्यगृह' असलं काही पाडू नका, कृपा होईल.

डोकं फिरलं ते मित्राच्या शब्दाने. गुत्ता म्हणजे कळकट, बदनाम जागा, असं ज्याला त्याला वाटतं. एका विद्वानांनी तर तो इंग्रजी 'गटर'मधून उपसून काढलेला मी ऐकलाय! अहो, गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. कानडीत गुत्तिगे, तेलुगूत गुत्त. दारू विकायचा मक्ता घेतला, तो दारूचा गुत्ता. पुढे मक्त्याचं नाव दुकानालाच चिकटलं. लातूर-नांदेडकडे रस्त्याचं काम घेणारा आजही गुत्तेदारच, मग तो माळकरी का असेना.

आणि इंग्लंडातला पब तरी काय वेगळा होता? बहुतेक पब ब्रुअरीच्या, म्हणजे बीअर बनवणाऱ्या कंपनीच्या, मालकीचे. चालवणारा भाडेकरू, बीअर मालकाचीच विकायची. 1989 च्या 'बीअर ऑर्डर्स' या सरकारी हुकमांनी दोन हजारांवर पब बाळगणाऱ्या ब्रुअरींची ही पकड ढिली केली आणि पब बाजारात आले. रेस्टॉरंट काढण्याइतका पैसा नसलेल्या डेव्हिड एयर आणि माइक बेल्बेन यांनी 1991 मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरचा 'द ईगल' हा पब घेतला. बारच्या मागेच चूल, पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले, ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. गॅस्ट्रोपब हे नाव रुळलं ते तिथून. म्हणजे माझ्या मते गॅस्ट्रोपब हा गुत्ता सुधारून झालेला नाही, गुत्ता सुटला म्हणून झालेला आहे. मित्राला हे जरूर ऐकवा.

'गुड फूड गाइड' या रेस्टॉरंटांच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेने मात्र 2012 च्या आवृत्तीतून हा शब्दच हद्दपार केला. म्हणे शिळा झाला. जेवणाला गुण द्यायचे सोडून शब्दांची उठाठेव यांना सांगितली कुणी? त्याच 2012 मध्ये मेरियम-वेबस्टरने तो कोशात घेतला.