शेती आणि कायदा : गट एकाचा, वहिवाट दुसऱ्याची

प्रश्न : आजोबांच्या काळापासून आम्ही ओढ्याकडची अडीच एकर जमीन कसतो. तिथे विहीर आहे, डाळिंब आहे. पण सातबारा निघतो वरच्या माळाच्या गटाचा, आणि तो माळ कसतात शेजारी. इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. आता शेजाऱ्यांचा मुलगा म्हणतो, कागदाप्रमाणे जमीन सोडा. गेल्या महिन्यात त्यानं आमची गाडीवाटही नांगरून टाकली. कोर्टात जावं का?
– एक शेतकरी, सांगोला तालुका

उत्तर : जायची घाई करू नका. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, मोजणीवर गेली. तुमच्यासारखी प्रकरणं मी गावोगाव पाहिली आहेत, आणि त्यात दोन्ही घरांपैकी कुणाचीच लबाडी नसते.

मूळ आहे 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यात. विखुरलेले तुकडे एकत्र करून शेतकऱ्याला सलग जमीन द्यायची, हा हेतू चांगलाच होता. गावाची योजना झाली, जबाब लिहिले गेले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पण कित्येक गावांत ताबे बदललेच नाहीत. ज्याच्या तुकड्यात विहीर किंवा वाडवडिलांची समाधी, तो कसा उठणार? कागद नव्या गटाप्रमाणे झाले आणि औत जुन्याच बांधाप्रमाणे चालत राहिलं. फलकयंत्र, म्हणजे मोजणीचा तिपाईवरचा फळा, मांडून मी नकाशा काढायचो, तेव्हा अभिलेखाची अखंड रेघ एकीकडे जायची आणि वहिवाटीची तुटक रेघ पार दुसऱ्याच्या विहिरीला वळसा घालून यायची. शेजारी उभे असलेले दोघेही शेतकरी त्या कागदाकडे घाबरून बघायचे, ते मला अजून आठवतं.

म्हातारे होते तोवर हे निभावलं. आता पीककर्ज, विमा, अनुदान सगळं सातबाऱ्यावर चालतं. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाची नोंद मोबाइलवरून करताना, फोटो काढायला गेलं की मोबाइलच सांगतो, तुम्ही गटापासून दूर आहात. म्हणून मुलांच्या पिढीत भांडण उफाळतं.

गावात कुणी सांगेल, बारा वर्षं ताबा आहे म्हणजे जमीन तुमचीच. त्यावर विसंबू नका. तोच न्याय लावला तर तुमच्या नावचा माळ त्यांचा होतो, आणि ताबा विरोधी, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे ठेवलेला, होता हे सिद्ध करण्यात दोन्ही घरांचं आयुष्य जातं. एकत्रीकरण योजनाच दुरुस्त करून मागायची तर त्या कायद्याचं कलम 32 आहे, पण इतक्या वर्षांनी केलेले अर्ज उशिराच्या कारणावरून फेटाळले जातात.

तुमच्यासाठी खरी वाट सलोखा योजनेची आहे. 3 जानेवारी 2023 च्या शासन निर्णयानं ती आली आणि पुढे तिला मुदतवाढ मिळाली. एकमेकांच्या नावची शेतजमीन किमान 12 वर्षं एकमेकांच्या ताब्यात असेल, तर अदलाबदलीचा दस्त 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी एवढ्यावर होतो. एरवी मुद्रांक शुल्क बाजारभावावर मोजतात. ओढ्याकाठच्या बागायतीचा भाव धरला तर केवढा आकडा होईल, बघा! दोन्ही क्षेत्रं सारखी नसली तरी चालतं. बिगरशेती जमिनीला मात्र ही सवलत नाही.

दोघांनी मिळून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. मुदत कधीपर्यंत आहे तेही तिथेच विचारा. जागेवर पंचनामा होतो, चतुःसीमेचे शेतकरी सह्या करतात, आणि तो पंचनामा दस्ताला जोडावा लागतो. त्याआधी दोन्ही सातबारे नीट वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर आधी त्यांच्याशी बोला. आणि बहिणींची नावं असतील तर त्यांना सह्यांपुरतं बोलावू नका, आधी घरी बसून सगळं समजावून सांगा. त्यांचा हक्क आहे, आणि त्यांना डावलून केलेला दस्त पुढे कोर्टात जातोच.

शेजाऱ्यांची संमती नसेल तर योजना लागूच होत नाही. म्हणून मुलाशी वाद न घालता त्याच्या वडिलांकडे जा, गावातलं एखादं जाणतं माणूस सोबत न्या. माळाचा सातबारा तुमच्या नावावर आहे, त्यामुळे पीककर्जाची अडचण त्यांनाही तितकीच आहे. हे शांतपणे मांडलं तर ऐकतील.

वाटेचं मात्र थांबवू नका. पूर्वापार वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवणूक झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत. तुमचा एक महिना गेला आहे. नांगरलेल्या वाटेचे फोटो आजच काढा, त्या वाटेनं बैलगाडी नेणाऱ्या दोघा-तिघांचे जबाब लिहून घ्या आणि अर्ज द्या. सलोखा झाला तर तो मागे घेता येईल.