वाचकांचे प्रश्न : जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी वारंवार का बंद पडते?

प्रश्न : माझ्याकडे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) असलेली जुनी, पेट्रोलवर चालणारी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. सकाळी ती पहिल्याच झटक्यात सुरू होते. परंतु खडकाळ वाटेवर लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) अर्धा-पाऊण तास चालवली की बंद पडते आणि थोडा वेळ उभी ठेवली की जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा सुरू होते. प्लग, फ्यूएल फिल्टर, बॅटरी आणि इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) बदलून झाले आहेत. आता मेकॅनिक नवा कार्ब्युरेटर घ्यायला सांगतो. घ्यावा का?

उत्तर : इतक्यात घेऊ नका. आपण बदललेल्या भागांची यादी मोठी आहे, पण गाडी बंद पडली त्या क्षणी इंजिनाला पेट्रोल मिळत नव्हते की ठिणगी, याचा उल्लेख आपल्या पत्रात कोठेच नाही. आणि एवढे एक कळेपर्यंत होणारा सगळा खर्च अंदाजपंचे होत राहतो. अडचण अशी की, हे गॅरेजमध्ये कळत नाही. गाडी ओढून नेईपर्यंत इंजिन निवते, दोष लपतो आणि मेकॅनिकसमोर एक धडधाकट गाडी उभी राहते. म्हणून तपासणी गाडी जिथे बंद पडली तिथेच, इंजिन गरम असताना, आपल्यालाच करावी लागेल.

पहिला पुरावा गाडी बंद पडण्याच्या पद्धतीतच असतो. चावी फिरवून बंद करावे तसे इंजिन एकदम थांबत असेल, तर संशय विजेच्या बाजूवर घ्यावा. धक्के देत, ताकद हरवत, ॲक्सिलरेटर दाबूनही न सावरता ते थांबत असेल, तर पेट्रोलच्या बाजूवर. टॅकोमीटर असेल तर त्याच्याकडेही लक्ष ठेवावे. गाडी गिअरमध्ये असल्यामुळे इंजिन अजून फिरत असताना काटा एकाएकी शून्यावर आला, तर कॉइलकडे जाणारा प्राथमिक प्रवाह तुटला आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा जोरदार आवाज आला, तर टाकीला हवा देणारा मार्ग चिखलाने किंवा धुळीने बुजला आहे, टाकीत निर्वात साचतो आहे आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही, असे समजावे. आडवाटेवरच्या गाड्यांत हे वाटते त्याहून अधिक वेळा आढळते, आणि त्यावरचा उपाय जवळजवळ फुकट असतो. त्यानंतर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढावा आणि चेहरा दूर ठेवून ॲक्सिलरेटरची दांडी हाताने हलवावी. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर फ्लोटच्या कप्प्यात, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात, पेट्रोल आहे. मग फिल्टर पुन्हा बसवावा, पेट्रोलचा वास पूर्ण विरू द्यावा आणि एका प्लगच्या वायरला स्पार्क टेस्टर लावून, त्याचा चिमटा इंजिनाच्या धातूला नीट जोडून, दुसऱ्या व्यक्तीला स्टार्टर मारायला सांगावे. वायर हातात धरून ठिणगी पाहण्याची सवय मात्र सोडून द्यावी. तिथला दाब हजारो व्होल्टचा असतो.

ठिणगी आहे पण पेट्रोल नाही, असे निघाले तर आपल्या वर्णनाला ‘व्हेपर लॉक’ चांगला जुळतो. लो रेंजमध्ये इंजिन भरपूर फिरते आणि गाडी मात्र रांगते. बॉनेटखाली वारा खेळत नाही, एक्झॉस्टजवळून जाणारी नळी आणि यांत्रिक पंप तापतात, पेट्रोलची वाफ होते आणि द्रवासाठी बनवलेला पंप ती वाफ पुढे ढकलू शकत नाही. समुद्रसपाटीपासून जितके उंच जावे तितके पेट्रोल लवकर उकळते, हेही ध्यानात ठेवावे. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवल्यावर गाडी लगेच सुरू झाली, तर निदान बरेचसे पक्के झाले. अशा वेळी नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी आणि कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक ठोकळा व पत्र्याचा आडोसा जागेवर आहेत का, ते पाहावे. जुन्या गाड्यांत हे दोन्ही कोणत्या तरी दुरुस्तीत काढले जातात आणि परत बसवायचे राहून जातात. नळीला लाकडी चिमटे लावण्याचा उपाय अनेक अनुभवी चालक सांगतात, पण त्याचा फारसा भरवसा धरू नये.

पेट्रोल आहे पण ठिणगी नाही, असे निघाले तर नव्या कॉइलवरच माझी पहिली शंका आहे. कॉइल नवी आहे म्हणून ती या गाडीसाठी योग्यच आहे, असे होत नाही. सर्वसाधारणपणे बाहेरच्या बॅलास्ट रेझिस्टरसह (कॉइलमधला प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या रोधासह) वापरायच्या कॉइलचा प्राथमिक रोध सुमारे 1.5 ओहम असतो, तर रेझिस्टरशिवाय चालणाऱ्या कॉइलचा सुमारे 3 ओहम. पहिल्या प्रकारची कॉइल थेट 12 व्होल्टवर जोडली, तर तिच्यातून गरजेपेक्षा जास्त प्रवाह जातो, ती हात लावता येणार नाही इतकी तापते आणि तापल्यावर काम सोडते. मल्टिमीटरने हे काही मिनिटांत तपासता येते. कॉइल योग्य असेल तर कंडेन्सर पाहावा, कारण उष्णतेने दगा देण्यात त्याचा हातखंडा आहे. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आत पॉइंटकडे, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काकडे, जाणारी बारीक वायरही पाहावी. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (निर्वाताच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेमुळे) आतली प्लेट सरकते तशी ही वायर दर वेळी वाकते. वरचे आवरण शाबूत राहून आतली तार तुटते आणि एका स्थितीत जोडलेली, दुसऱ्या स्थितीत तुटलेली अशी तिची अवस्था होते. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी हेलकाव्यांनी झिजते, तीही एकदा पाहून घ्यावी.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर बहुधा कार्ब्युरेटरमधले उकळलेले पेट्रोल इंजिनात झिरपून मिश्रण अतिसमृद्ध झाले आहे, म्हणजे त्यात पेट्रोल फार झाले आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारावा. फ्लोटची पातळी आणि नीडल व्हॉल्व्ह (फ्लोटच्या कप्प्यात येणारे पेट्रोल रोखणारी झडप) या टप्प्यावर तपासावेत. कार्ब्युरेटरची पाळी येते ती इथे, आणि तीही आधी साफसफाईची.

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल जीप फक्त ब्रेक दाबून थांबतानाच बंद पडते. आयडलिंग वाढवल्यावर त्रास कमी झाला. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही, त्याने दोष झाकला गेला आहे. ब्रेक बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो. त्याचा पडदा फाटला असेल तर पेडल दाबताच जादा हवा थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मार्गात) शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन थांबते. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अडण लावून, मूळ आयडलिंगवर पेडल दाबून धरावे. पायाशी सुसकारा ऐकू आला आणि इंजिनाचे फेरे उतरले, तर बूस्टरची नळी चिमट्याने बंद करून हीच कृती पुन्हा करावी. आता फेरे स्थिर राहिले, तर दोष बूस्टरचाच आहे. नळी बंद असताना गाडी अजिबात चालवू नये, कारण ब्रेकला मदत मिळत नाही आणि पेडल अतिशय जड होते. पेडल न दाबता, केवळ गाडीला हिसका बसल्यावर इंजिन थांबत असेल, तर मात्र फ्लोटची पातळी तपासावी.

प्रश्न : माझी डिझेल गाडी चढाकडे तोंड करून रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होते आणि अर्ध्या मिनिटात बंद पडते. सपाट जागेवर असे होत नाही. कारण काय असावे?

उत्तर : टाकी मागे आणि खाली गेल्यामुळे रात्रीतून डिझेल परत टाकीत उतरते आणि त्याच्या जागी कोठून तरी हवा शिरते. पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन थोडा वेळ चालते आणि मग हवा धरते. अशी फट बाहेर डिझेल गळू देतेच असे नाही, म्हणून केवळ ओलावा शोधत बसू नये. फिल्टर आणि इंजेक्शन पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी बसवून बुडबुडे दिसतात का ते पाहावे, आणि दिसल्यास टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जावे. फिल्टरवरच्या हातपंपाचा रबरी भाग, फिल्टरची सील आणि रबरी नळ्यांची टोके ही नेहमीची ठिकाणे आहेत. जोड दुरुस्त केल्यावर सिस्टिममधली हवा काढूनच इंजिन सुरू करावे.